टॉय म्हणजे खेळणं नाही हो

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'घर लहान असेल तर कुत्राही लहानच घ्या, व्याप कमी' असं छापून आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्याकडे नऊ वर्षं झाली एक पॉमेरेनियन आहे, चिंगी, वजन अडीच किलो, आणि जागा कमी लागते एवढं सोडलं तर व्याप काडीचाही कमी नसतो.

मुळात कुत्र्यांच्या जातींत टॉय हे फक्त लहान आकाराच्या गटाचं नाव. पॉमचे पूर्वज चांगले दणकट स्पिट्झ कुत्रे, पुढे १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉम आणला आणि मग लहान पॉमची जी टूम निघाली ती निघालीच. अंग लहान झालं पण डोक्याने राखणदारी सोडली नाही, बेल वाजली की आमची चिंगी अख्खा मजला डोक्यावर घेते.

आता व्यापाचं. ती वर्षाची असताना भाचीच्या मांडीवरून उडी मारली, सोफ्याएवढी उंची फक्त, आणि पुढचा पाय मोडला. या कुत्र्यांची हाडं इतकी बारीक, त्यात पुढच्या पायाला खाली रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायलाही उशीर. प्लेट बसवावी लागली. तेव्हापासून सोफ्याला पायरी लावलीय. गळ्यात पट्टाही घालत नाही, श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की बदकासारखा खोकला लागतो, म्हणून छातीवरून येणारा हार्नेस. आणि खाणं! पाहुणे म्हणतात एक तुकडा दिला तर काय होतंय, अहो तिचं पाव किलो वजन वाढणं म्हणजे पन्नास किलोच्या माणसाने पाच किलो वाढवणं, आणि ते सगळं त्या काडीएवढ्या पायांवर येतं. गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास या जातींत असतोच.

दातांच्या बाबतीत मात्र चूक माझी. मोठ्या कुत्र्याचे असतात तेवढेच ४२ दात त्या एवढ्याशा जबड्यात, दाटीवाटीने, त्यामुळे कीटण लवकर धरतं. मी चार वर्षं ब्रश केलाच नाही, तिला आवडत नाही म्हणून सोडून दिलं, शेवटी भूल देऊन सात दात काढावे लागले. आता रोज रात्री आमची कुस्ती चालते.

हे सगळं सवयीने जमतं. जमत नाही ते लोकांचं वागणं. मोठा कुत्रा गुरगुरला तर माणूस चार पावलं मागे जातो. चिंगी गुरगुरली की 'कित्ती गोड चिडते!' म्हणत हसतात आणि पुढच्या दोन पायांना धरून सरळ उचलतात. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली असं धरायचं असतं, पण विचारतंय कोण! घाबरलेला जीव आधी आखडतो, तोंड फिरवतो, मग गुरगुरतो, तेही ऐकलं नाही तर चावणार, दुसरं काय करेल? मागच्या महिन्यात एका बाईंना दात लागला. चिंगीची रेबीजची लस वेळेवर झालेली आहे, तरी मी त्यांना जखम साबणाने धुवायला लावून लगेच डॉक्टरांकडे घेऊन गेले. बिल्डिंगमध्ये आता ती 'चावरी' झालीय. त्याआधी तीन वेळा गुरगुरली होती ते कुणालाच आठवत नाही.

आणि त्याच पानावर ती 'टीकप पॉम'ची जाहिरात. टीकप नावाची जातच नाही हो, आहे त्या जातीतलं सगळ्यात खुरटलेलं पिल्लू चढ्या भावाने विकायचं नाव आहे ते, आणि इतक्या लहान पिल्लाला एकदोन वेळचं खाणं चुकलं तर साखर उतरून फिट येऊ शकते.

पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा पर्समधून डोकावणाऱ्या पिल्लाचा फोटो नको, जमिनीवर चार पायांनी चालणाऱ्या कुत्र्याचा टाका. हवा असेल तर चिंगीचा पाठवते, फक्त फोटोग्राफरला उचलायला देणार नाही.

आपली एक नियमित वाचक