मोटरहोममध्ये हजार वॉट कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पानावर मोटरहोममधल्या, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशा गाडीतल्या, म्युझिक सिस्टमवर लेख आला तो वाचला. बाकी ठीक होता, पण "स्पीकर उडाले असतील तर जास्त वॉटचे टाका आणि अॅम्प्लिफायर जमेल तेवढा मोठा घ्या" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नेमका हाच सल्ला ऐकून मी एकदा पस्तावलोय. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १००० वॉट छापलेला अॅम्प आणला, हौसेने बसवला, रात्री गाडी उभी करून चार तास गाणी लावली आणि सकाळी नळ सोडला तर पंप नुसता कण्हतोय, पाणी काही वर येईना, दिवे पिवळे पडलेले. राहायच्या भागाची बॅटरी पार बसली होती. नशीब इंजिनची बॅटरी वेगळी होती, नाहीतर धक्का मारायची वेळ आली असती, आणि मोटरहोमला धक्का मारणं म्हणजे काय ते ज्याने मारलाय त्यालाच विचारा.

मुळात स्पीकर उडतात ते बरेचदा अॅम्प मोठा असल्याने नाही, तर छोट्या अॅम्पला पिळून काढल्याने. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या प्लेअरवर, '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं ना, तो क्षणभराचा आकडा असतो. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला डेकमधली चिप सलग देऊ शकते ते साधारण १५ ते २० वॉट, बस. त्यात गाडी पळत असताना इंजिनचा, वाऱ्याचा, कपाटातल्या भांड्यांचा आवाज, मग आपण नॉब फिरवतच जातो, आणि त्या चिपची कुवत संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटतो, स्पीकरमधली तारेची कॉइल तापत जाते, बिचारा ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) तर सगळ्यात आधी जातो. मग आपण म्हणतो स्पीकर हलक्या प्रतीचा होता!

आणि उडालाय हे तरी नक्की का? वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर ३ ते ४ च्या मध्ये काहीतरी दाखवतो, काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन (स्पीकरचा समोरचा हलणारा पडदा) हळूच, सारखा दाबून बघा, आत खर्र खर्र घासल्यासारखं वाटलं तर जळून वाकडी झालेली कॉइल चुंबकाला लागतेय. माझ्या चारपैकी दोन स्पीकर धडधाकट निघाले, छतातली वायर हादऱ्यांनी सुटली होती एवढंच. तिसऱ्याच्या कडेचा फोम बोट लावताच राखेसारखा हातात आला, उन्हाने खाल्लेला. खरंच जळलेला एकच होता. म्हणजे चार नवीन घ्यायला निघालो होतो आणि लागले दोन (जोडी सारखी हवी म्हणून शेवटी चार घेतलेच, पण ते असो).

नवीन घेताना साइझ बघतातच सगळे, पण मागची खोली मोजा. मोटरहोमची भिंत पातळ, ६.५ इंची स्पीकर भोकात बसतो आणि मागचं चुंबक पलीकडच्या पत्र्याला टेकतं. आणि वॉटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा आवाज देतो ते. एक ८९ डेसिबलचा आणि एक ९२ चा असेल तर तेवढ्याच आवाजाला ९२ वाल्याला निम्मी पॉवर पुरते. गाडी उभी असताना प्रत्येक वॉट बॅटरीतूनच येतो, तिथे हा ३ डेसिबलचा फरक कुठल्याही मोठ्या अॅम्पपेक्षा जास्त कामाचा आहे.

अॅम्प क्लास डी चा घ्या, तो वीज कमी वाया घालवतो. जुना क्लास एबी निम्मी वीज नुसती गरम व्हायला घालवतो, माझा तो हजारवाला तसलाच होता. ४ चॅनलला प्रत्येकी ५० वॉट आरएमएस (सलग देता येणारी पॉवर, क्षणभराची नाही) म्हणजे सगळे मिळून २००, क्लास डी मध्ये पूर्ण जोरात १२ व्होल्टला २० अँपिअरच्या आसपास ओढेल, आणि गाणी ऐकताना सरासरी त्याच्या बरीच खाली असते. मोटरहोमच्या खोलीएवढ्या जागेला हे पुरून उरतं. छोट्या स्पीकरना हायपास फिल्टर (खालचा बास अडवणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावा, नाहीतर बास काढायच्या नादात चांगला अॅम्पही त्यांना मारतो. अॅम्पवरचा गेन डेकच्या सिग्नलशी जुळवून घ्यायला असतो, तो व्हॉल्यूम नाही हेही एकदा छापा हो, लोक ते बटण बघितलं की शेवटपर्यंत फिरवतात! आणि इन्व्हर्टर लावून घरचा अॅम्प चालवायचा उद्योग करू नका, १२ चे २३० करून अॅम्पच्या आत परत कमी करायचे, वीज वाटेतच सांडते.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी अॅम्पबद्दल लिहाल तेव्हा खोक्यावरचा आकडा न छापता आरएमएस छापा, तोही किती व्होल्टला आणि किती ओहमला ते सांगून. सीटीए-२००६ नावाचं मोजमाप यासाठीच आहे, १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत. ज्या अॅम्पवर हा आकडा दिलाय त्यांची तुलना तरी करता येते.

अजून एक, आणि हे मात्र लगेच दुरुस्त करा. लेखाशेजारच्या चित्रात फ्यूज अॅम्पजवळ दाखवलाय. तो बॅटरीजवळ हवा, अर्ध्या मीटरच्या आत. बॅटरी पुढे, अॅम्प मागच्या कपाटात, मध्ये पाच-सहा मीटर जाड वायर पत्र्याच्या कडांवरून गेलेली, ती कुठे घासून उघडी पडली तर अॅम्पजवळचा फ्यूज काहीच करणार नाही आणि वायर पेटेल, ती पण आपण झोपतो त्या गाडीत. चित्र बघून कोणी जोडायच्या आत दुरुस्ती छापा, प्लीज.

आपला,
एक नियमित वाचक