प्लॅस्टिकच्या जोडांना पक्कड लावण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदला, रेडिएटर तपासून घ्या, असा सल्ला वाहनधारकांना सगळीकडून मिळतो आणि तो योग्यच आहे. मात्र हे काम चालू असताना इंजिनावरचे होज पाइपांचे प्लॅस्टिकचे जोड मोडतात, आणि एका नळीचे किरकोळ काम अख्खी होज असेंब्ली किंवा थर्मोस्टॅट हाउसिंग (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणाऱ्या झडपेचे घर) बदलण्यापर्यंत जाते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ‘साहेब, प्लॅस्टिक जुनं झालं होतं, हात लावताच तुटलं,’ हे वाक्य पुण्यातील कोणत्याही भागातल्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. भोसरीतील प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात माझी नोकरी झाली असल्यामुळे या वाक्यात तथ्य किती आणि सोय किती, हे मांडावेसे वाटते.

तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, थर्मोस्टॅट हाउसिंग, हीटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे जोड हे भाग बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉन ६६चे असतात. हे हलके सामान नव्हे. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि इंजिनातील कूलंट साधारणपणे ९० ते १०५ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे ‘लोखंडी असते तर टिकले असते’ ही हळहळ मला पटत नाही; लोखंडी नळ्या गंजत असत, हे आपण फार लवकर विसरलो. पण वितळणे वेगळे आणि ठिसूळ होणे वेगळे. गरम पाणी आणि कूलंटमधील ग्लायकॉल यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहून नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात, बाहेरून बॉनेटखालची उष्णता त्याला जाळत राहते, आणि नायलॉनला चिवटपणा देणारा थोडासा ओलावाही त्या कोरड्या उष्णतेत निघून जातो.

सोय कुठे आहे, ते तुटलेला तुकडा हातात घेतला की कळते. निपल, म्हणजे होज ज्यावर चढवतात ते नळीसारखे तोंड, बहुतेक वेळा मुळाशी, म्हणजे जिथे ते मुख्य भागाला काटकोनात जोडलेले असते तिथेच मोडते. त्या कोपऱ्यात ताण एकवटतो. शिवाय साच्यात वितळलेल्या प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जिथे एकमेकांना मिळतात, ती सांध्याची रेषा पुष्कळदा निपलावरूनच जाते आणि ती इतर भागापेक्षा दुबळी असते. सरळ ओढीला असे निपल बऱ्यापैकी टिकते, पण आडव्या हिसक्याला टिकत नाही. होज पक्कडीत धरून डावी-उजवीकडे हलवली, किंवा स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटली, की जोर नेमका त्या मुळावर येतो. म्हणजे प्लॅस्टिक जुने होते हे खरे, पण ते नुसत्या वयामुळे तुटले नाही.

जोड अडकतो का, हेही पाहिले पाहिजे, कारण कारण ठाऊक नसताना लावलेला जोर नेहमी चुकीच्या दिशेने जातो. रबरी होज अॅल्युमिनियमच्या नळीवर असेल, तर नळीवर चढलेला पांढरा क्षार तिला आतून पकडून ठेवतो. क्लिपने लॉक होणाऱ्या जोडात ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, दबून चपटी झालेली असते आणि पृष्ठभागाला चिकटते. झिरपलेल्या कूलंटचा सुकलेला थर आणि लॉकच्या खाचेत बसलेली धूळ यांची भर पडते. रस्ते आणि इमारतींची बांधकामे अखंड चालू असलेल्या आपल्या शहरात या धुळीला तोटा नाही, आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होऊन तो खाचांमध्ये सुकतो. म्हणून पहिले काम ओढण्याचे नाही, जोड पाण्याने व ब्रशने धुऊन हवा मारण्याचे आहे. लॉक कोणत्या जातीचे आहे, हे दिसल्याशिवाय त्याला हात लावू नये.

इंजिन कडक गरम असताना कूलंटचा कोणताही जोड किंवा झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे होय. बंद यंत्रणेत दाब असतो आणि उघडताक्षणी कूलंट उसळते. परंतु इंजिन अगदी थंडगार असणेही प्लॅस्टिकच्या हिताचे नाही. हाताला सुखाने सोसवेल इतके कोमट असताना, दाब पूर्ण उतरला आहे याची खात्री करून आणि कूलंट काढून घेऊन काम करावे. काढलेले कूलंट बादलीत झाकून ठेवावे, कारण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते आणि गल्लीतील कुत्री-मांजरे ते चाटतात. इंजिन गार झाले असेल, तर गरम पाण्यात पिळलेले फडके जोडावर गुंडाळून ठेवले किंवा केस वाळवण्याचे यंत्र थोडा वेळ धरले तरी पुरते. लायटर किंवा ब्लो लॅम्प मात्र कधीही नाही.

त्यानंतरची युक्ती साधी असूनही फार थोडे जण वापरतात : जोड काढायचा असेल, तर तो आधी आत ढकलावा. लॉकच्या दातावर ओढीचा भार असतो तोवर ते सुटत नाही. आत ढकलले की भार उतरतो आणि तारेची क्लिप बोटाने किंवा छोट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद वर सरकते. गोल कड्याचे लॉक असेल, तर खरबरीत खुणा असलेल्या दोन बाजू दाबल्या की कडे लंबगोल होते आणि काटकोनातले दोन दात बाहेर फाकतात. दातच उचकटायला गेले, की ते मोडतात. लॉक सुटल्यावर जोड जागच्या जागी थोडा फिरवावा, चिकटलेली ओ-रिंग सुटली की मग अक्षाच्या रेषेत सरळ ओढावा. साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे चालतो. गंज सोडवण्याचे खनिज तेलाचे स्प्रे कूलंटच्या जोडांवर मारू नयेत. तिथले ईपीडीएम रबर तेलाने फुगते, आणि आज सुटलेला जोड उद्या गळतो.

साध्या रबरी होजच्या बाबतीत माझे मत अगदी स्पष्ट आहे. होज बदलायचीच असेल, तर ती वाचवण्याचा हट्ट कशासाठी? स्प्रिंगची क्लिप मागे सरकवून होजला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि साल सोलावी तशी ती सोडवावी. चीर निपलापर्यंत खोल जाता कामा नये, कारण निपलावरचा एक उभा ओरखडा गळतीला वाट करून देतो. एवढे करूनही निपल मोडलेच, तर तुटलेला तुकडा पूर्ण बाहेर आला का, हे तुकडे जुळवून पाहावे. आत राहिलेला तुकडा थर्मोस्टॅटमध्ये जाऊन अडकला, तर त्याचा पत्ता खंबाटकी घाट चढताना इंजिन तापल्यावरच लागायचा.

पेट्रोलच्या नळीचे जोड दिसायला असेच असतात, पण तिथे इंजिन बंद केल्यानंतरही काही बारचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या काही पट, दाब शिल्लक असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे आणि मग बॅटरीची ऋण तार सोडणे, हे टाळून चालत नाही. उष्णता तर तिथे पूर्ण वर्ज्य आहे. ज्यांना हा सराव नाही, त्यांनी घरी या नळीच्या वाटेला जाऊ नये.

मेस्त्र्यांनाच दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ठराविक वेळात ठराविक गाड्या बाहेर काढण्याचे बंधन असलेल्या माणसाकडून फडके गरम करत बसण्याची अपेक्षा करता येत नाही, आणि जुन्या गाडीचा एखादा जोड सर्व काळजी घेऊनही तुटणार, हे ग्राहकानेही स्वीकारले पाहिजे. वाहन कंपन्यांनी मात्र क्लिप, ओ-रिंग आणि जोड सुटे उपलब्ध करून द्यावेत. आज नाना पेठेत एका क्लिपसाठी दुकानामागून दुकान पालथे घालावे लागते आणि शेवटी पूर्ण नळी घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकांत नव्या भागांबरोबरच जुने, भाजलेले जोड सोडवायला द्यावेत. आणि गॅरेजने कामाला हात घालण्यापूर्वी कोणते जोड मोडण्याची शक्यता आहे व मोडल्यास किती खर्च येईल, हे जॉबकार्डवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी आणि मोडलेला भाग बिलासोबत त्याच्या हाती द्यावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे