क्वांटम डॉट : सूत्र कुठे फसते?

संपादक महोदय,

क्वांटम डॉटवरचे, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक कणांवरचे, लेख ‘कण लहान, तर रंग निळा’ एवढ्यावरच आटोपतात. २०२३ च्या नोबेलचे एक मानकरी लुई ब्रुस यांचे, कणाच्या आकारावरून तो शोषणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा सांगणारे सूत्र मात्र जपून वापरायला हवे. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाच्या १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बँड गॅपमध्ये (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेत) त्रिज्येच्या वर्गाशी व्यस्त असलेली बंदिस्तीची (इवल्या जागेत कोंडल्याने वाढणारी) ऊर्जा मिळवायची, इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा (होल) यांच्यातले आकर्षण वजा करायचे. ६ नॅनोमीटर व्यासाला उत्तर सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ठीकच. २ नॅनोमीटरला मात्र ते पाचाच्या वर जाते, प्रयोगात जेमतेम तीन! सूत्रात कणाच्या कडा म्हणजे इलेक्ट्रॉनला न ओलांडता येणाऱ्या अनंत उंच भिंती. खरा इलेक्ट्रॉन कडेबाहेर झिरपतो. शिवाय प्रभावी वस्तुमानही (स्फटिकात इलेक्ट्रॉनचे भासणारे वस्तुमान) स्थिर राहत नाही. प्रकल्पांत हेच सूत्र उलटे लावून वर्णपटावरून आकार काढतात, मग बारीक कण हमखास मोठे दिसतात. त्यापेक्षा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजलेल्या आकारांवर बेतलेला आलेख वापरावा.

– भौतिकशास्त्राचा एक वाचक