मॅटाडोरची मैल्याची टाकी बदलताना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सौंदत्तीच्या माघी जत्रेआधी आपल्या मॅटाडोर गाडीतल्या संडासाची टाकी बदलायची, हे बाबांचं अगदी बरोबर आहे. जत्रेच्या गर्दीत आईची किती अडचण होते ते ठाऊक असल्यामुळे सगळं नीट लिहून पाठवतेय. जुन्या पत्र्याच्या टाकीला आता ठिगळ लावू नका. बूड आतून गंजलंय, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडणार. वेल्डिंग तर अजिबात नको. कितीही धुतली तरी पत्र्याच्या पापुद्र्यांत मैला राहतो, त्यातून मिथेन सुटतो आणि बंद टाकीत ठिणगी गेली की स्फोट होऊ शकतो. याच कारणानं गंजलेले बोल्ट कापायला ग्राइंडर लावू नका. आदल्या रात्री त्यांवर डिझेल सोडून ठेवा, सकाळी पाना चालतो. नाहीच हलले तर हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत.

आधी टाकी पाइपानं घराच्या सेप्टिकच्या चेंबरमध्ये रिकामी करा आणि दोन-तीनदा साध्या पाण्यानं खळबळून घ्या. मग १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून अर्धा तास आत ठेवा आणि तेही चेंबरमध्येच सोडा. एवढ्याशानं सेप्टिकचं काही बिघडत नाही, पण डबाभर ओतलीत तर मैला कुजवणारे जंतू मरतील. त्या दिवशी संडास धुण्याचं ॲसिड जवळपाससुद्धा नको. ब्लीचिंगमध्ये ते मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि गाडीखाली निजलेल्या माणसाला पटकन बाहेर येता येत नाही. ओढ्यात काही सोडू नका, खाली मलप्रभा नदीवर माणसं आणि जनावरं पाणी पितात. मैला हातानं काढायला कुणाला बोलावू नका. २०१३च्या कायद्यानं त्याला बंदी आहेच, आणि बंदी नसती तरी आपण ते करू नये.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून बाबांनी खाली शिरायचं नाही. खानापूरच्या पावसानंतर परसातली माती बरेच दिवस दबते, म्हणून जॅकखाली जाड फळी घाला, चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू (घोडे) लावा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या. शेजारी एक धडधाकट माणूस हवाच.

नवी टाकी एचडीपीई या चिवट प्लास्टिकची घ्या, भिंत निदान ६ मि.मी. जाड. आपल्या मॅटाडोरची पुढची चाकं गाडी ओढतात, मागं प्रोपेलर शाफ्ट आडवा येत नाही, त्यामुळे जागा बरी मिळते. ७५ × ५० × २० सें.मी.ची टाकी बसली तर ७५ लिटर होतात. रिकामी ती सात-आठ किलोची, भरली की ८० किलोच्या वर. खरी अडचण इथंच असते. टाकी सहसा भिंतीत फुटत नाही, गळते ती जोडापाशी. गाडी खड्ड्यात आदळली की हे ८० किलो खाली-वर होतात, आणि वजन नीट पेललेलं नसेल तर सगळा ताण पाइपाच्या जोडावर येतो. म्हणून टाकी पाइपाला लटकता कामा नये, ती खालच्या चौकटीवर बसली पाहिजे.

चौकट ३५ × ३५ × ५ मि.मी.च्या अँगलची करून घ्या, बेळगावच्या उद्यमबागेत कुणीही फॅब्रिकेशनवाला देईल. चारी बाजूंना काठ हवा, म्हणजे ब्रेक मारल्यावर टाकी पुढं सरकणार नाही. वरून ४० × ५ मि.मी.च्या दोन पट्ट्या, आणि लोखंड जिथं टाकीला टेकेल तिथं ५ मि.मी.चं रबर. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवीन भोक पाडू देऊ नका, चेसिस तिथूनच तडकते. असलेली भोकं वापरा, नाहीतर यू-क्लँप. बोल्ट १० मि.मी.चे, नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले; ते हादऱ्यानं सहज सैल होत नाहीत. टाकीला निकासाच्या बाजूला दीड सें.मी. उतार द्या. सायलेन्सर जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा.

एचडीपीईला पीव्हीसीचं सोल्युशन चिकटत नाही. दुकानदार काहीही म्हणो, एम-सील थापून आणि सोल्युशन फासून केलेला जोड महिनाभरात सुटतो. इथं रबर वायसरवाला टँक निपलच हवा, म्हणजे टाकीच्या भोकात नटानं आवळून बसवायचा पाइपाचा जोड. निकासाला ७५ मि.मी., हवेच्या पाइपाला ४०. आतला नट धरायला हात जाईल एवढं झाकण टाकीला वरून असू द्या. भोक होल सॉनं (ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं) सावकाश पाडा, कडा ब्लेडनं साफ करा. आणि कोपऱ्यापासून चांगलं ३ सें.मी. दूर पाडा, कारण कोपरा गोलसर असतो आणि तिथं वायसर सपाट बसत नाही. नट हातानं घट्ट करून वर अर्धा फेरा पुरे. जास्त आवळलं की वायसर बाहेर फाकतो.

संडासाचा पाइप सरळ खाली टाकीत उतरू द्या, मध्ये एल्बो नको. पाइप आणि टाकी यांच्यामध्ये रबरी कपलर होज क्लिपांनी बसवा. गाडीचं अंग आणि टाकी वेगवेगळी हलतात, ते हलणं हा रबराचा तुकडा सोसतो. हवेचा पाइप टाकीच्या माथ्यावरूनच निघून टपापर्यंत जाऊ दे. तो आत लोंबत राहिला तर टाकी भरत आली की त्याचं तोंड बुडतं, मग फ्लश केल्यावर बुडबुडे आणि घाण वास संडासातून वर येतो.

निकासाला सरकपट्टीचा व्हॉल्व्ह आणि पुढं टोपण, दोन्ही लावा. पट्टीच्या खाचेत कागद अडकला की थेंब गळतो, तो टोपण अडवतं. व्हॉल्व्हच्या रबराला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. बसवताना साबणाचं पाणी लावा.

टाकी वर चढवायच्या आधी अंगणात विटांवर ठेवून काठोकाठ पाणी भरा. प्रत्येक जोड कोरडा पुसून त्यावर पांढरा खडू घासा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खडू जिथं करडा झालेला दिसेल, तिथं पाझर आहे. बसवून झाल्यावर पाऊण टाकी पाणी भरून जांबोटीच्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारा, परत येऊन खडू पुन्हा बघा. आठवड्यानं टँक निपल आणि पट्ट्यांचे नट पुन्हा तपासा. प्लास्टिक दबाखाली थोडं बसतं, म्हणून ते सैल होतात.

आई, वापरायचं तुला सांगते. रिकामी केल्यावर पाच-सहा लिटर पाणी आधी आत सोड, नाहीतर संडासाच्या बरोबर खाली मैल्याचा ढीग सुकून बसतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही; पातळ वाहून जातं आणि घट्ट मागं राहतं. पाऊण भरली की मगच एकदम सोडायची. खरकटं आणि तेलकट पाणी यात नको.

बाबा, टाकी आणायच्या आधी जागेची लांबी, रुंदी, उंची आणि सायलेन्सर किती लांब आहे, एवढं मोजून कळवा. टाकीखालची चौकट धरून रस्त्यापासून निदान आठ इंच मोकळे राहिले पाहिजेत. उंची कमी पडली तर रुंदी वाढवून तेवढेच लिटर बसवता येतात.

तुमची लेक