शेगडीवरच्या करपलेल्या थराविषयी वहिनीस पत्र

माइन्झ, जर्मनी
दि. ५ जानेवारी

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

वेळा अमावस्येचा स्वयंपाक उरकल्यानंतर शेगडीचा जो फोटो तुम्ही पाठवला, तो मी मोठा करून नीट पाहिला. भज्जी, आंबील, उंडे आणि गव्हाची खीर एवढे सगळे एका रात्रीत रांधल्यावर शेगडीची अशी अवस्था होणारच. त्याचे तुम्ही मनाला लावून घेऊ नये. फोनवर हे सांगायला गेले की निम्मे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र आईलाही वाचून दाखवा, कारण यातला पहिला मुद्दा तिच्यासाठीच आहे.

नव्या शेगडीच्या काचेला तारेची घासणी आणि राख या दोन्ही गोष्टी लावू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. आईने जन्मभर पितळेची आणि लोखंडाची भांडी याच दोन वस्तूंनी लख्ख ठेवली आणि त्या भांड्यांसाठी ती रीत उत्तमच आहे. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या राखेत क्षार असतात, ते तेलकटपणा तोडतात. परंतु त्याच राखेत बारीक वाळूही असते आणि ती काचेवर ओरखडे पाडते. तुमच्या शेगडीची काच ही टफन्ड काच आहे. ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे तिचा वरचा थर कायम दाबलेला आणि आतला भाग कायम ताणलेला राहतो. तिची ताकद याच ताणात आहे आणि धोकाही याच ताणात आहे. एखादा ओरखडा खोलवर गेला, किंवा काच तापलेली असताना तिच्यावर थंड पाणी पडले, तर पूर्ण काच एका क्षणात खड्यांएवढ्या तुकड्यांत विखरू शकते. म्हणून ओले फडके लावण्यापूर्वी काच हाताला पूर्ण गार लागली पाहिजे, आणि रेग्युलेटर बंद केलेला पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे येते. तुमच्या फोटोत उजव्या बर्नरभोवती तपकिरी कडे दिसते आणि काचेच्या कडेला डिंकासारखे पिवळसर, पारदर्शक थेंब घट्ट बसलेले दिसतात. ते थेंब म्हणजे केवळ साचलेली घाण नव्हे. तेल तापले आणि त्याला हवा लागली की त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचे कडक कवच तयार होते. लोखंडी तव्यावर आपण जी काळी, गुळगुळीत झिलई मुद्दाम चढवतो आणि जपतो, ती याच क्रियेने येते. आपल्या घरी घाण्याचे करडईचे तेल असते, आणि करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण बहुधा ७० टक्क्यांच्या पुढे असते. हे आम्ल हवेतील प्राणवायूशी चटकन संयोग पावते. म्हणूनच करडईचे तेल रंग आणि व्हार्निश बनवण्यासाठीही वापरले जाते. शेंगदाण्याच्या तेलात ते बरेच कमी असते. शेजारच्या घरातली शेगडी पुसल्याबरोबर निघते आणि आपली निघत नाही, असे तुम्ही म्हणालात, त्यात तुमच्या कामाची कसर नाही. मला तरी त्यामागे तेलाचा हा गुणच दिसतो. तेल बदलण्याचे मात्र काहीही कारण नाही. उडालेले शिंतोडे त्याच रात्री, काच गार झाल्यावर, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले की ते निघतात. आठवडाभर राहिले की व्हार्निश होतात.

जुना थर काढायला बळ नव्हे, वेळ लागतो. खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी आणि भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब घालून दाट लेप करावा, तो थरावर पसरावा, त्यावर गरम पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके झाकावे आणि तासभर त्याकडे पाहू नये. सोडा सौम्य अल्कली आहे. तो तेलाच्या कवचाला हळूहळू फोडतो आणि काचेपेक्षा मऊ असल्याने घासताना ओरखडा पाडत नाही. नंतर प्लास्टिकचे जुने कार्ड आडवे धरून थर खरवडावा. पहिल्या खेपेला वरचा पापुद्रा निघेल, खालचा राहील. तेव्हा जोर वाढवण्याऐवजी पुन्हा लेप लावावा. लातूरसारख्या, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात या रीतीचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे बादलीभर पाणी ओतण्याऐवजी एका ओल्या फडक्यावर काम भागते.

लोखंडी जाळ्यांचा थर यापेक्षा चिवट असतो. त्यांच्यासाठी धुण्याचा सोडा घ्यावा, कारण तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र आहे. मोठ्या टोपात कडकडीत पाणी घेऊन त्यात मूठभर सोडा विरघळवावा, जाळ्या रात्रभर बुडवून ठेवाव्यात आणि हातात रबरी मोजे घालूनच त्या बाहेर काढाव्यात. अ‍ॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्या पाण्यात जाऊ देऊ नका. तीव्र अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि ते काळे पडते. पितळी बर्नरची टोपी साध्या साबणाच्या पाण्यात भिजवावी, छिद्रांत अडकलेले पीठ आणि डाळीचा फेस बारीक सुईने हलकेच काढावा, मग चिंचेच्या कोळाने चोळून लगेच धुवावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवावी.

मोबाइलवर ज्या चित्रफिती फिरतात, त्यांत सोड्यावर व्हिनेगर ओतून भरपूर फेस काढून दाखवतात. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. दोन्ही पदार्थ एकमेकांना निकामी करतात आणि मागे खारट पाणी उरते. व्हिनेगर किंवा लिंबू वेगळे वापरावे, आणि ते बोअरच्या जड पाण्याने पडलेल्या पांढऱ्या चट्ट्यांवर. ते चट्टे चुन्याचे असल्यामुळे आम्लानेच विरघळतात. बाथरूमचे अ‍ॅसिड आणि ब्लीच मात्र ओट्यावर आणूच नये, कारण ती दोन एकत्र आली तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

आमच्याकडे इथे विजेची शेगडी आहे, सपाट काळ्या सिरॅमिक काचेची. अशी काच याच शहरातल्या शॉट कंपनीने १९७१ साली लोकांसमोर आणली. तापली तरी ती जवळजवळ प्रसरण पावत नाही, त्यामुळे तडकण्याची भीती कमी. तिच्यावरचा करपलेला थर मी ब्लेडच्या खरवडणीने, पाते तिरपे धरून काढते. तुमच्या काचेवर ब्लेड वापरू नका. साखरेची गोष्ट मात्र निराळी आहे. तेल, दूध किंवा वरण उतू गेले तर गार होऊ द्यावे, परंतु पाक सांडला तर त्याला काचेवर गार होऊ देऊ नये, कारण गार होताना आवळणारी साखर या सिरॅमिक काचेचा टवकासुद्धा उपटून काढते. संक्रांत जवळ आली आहे, तिळगुळाचा पाक तुमच्याकडे होईलच. तो सांडला तर ज्योत बंद करून, तो मऊ असतानाच लाकडी उलथण्याने कोरडाच उचलून घ्या. राहिलेला अंश काच गार झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवला की विरघळतो.

सगळे पुन्हा बसवल्यावर ज्योत नीट पाहावी. ती निळी आणि सगळीकडे सारखी असेल तर बर्नर स्वच्छ आहे असे समजावे. पिवळी टोके दिसली आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर छिद्रे अजून चोंदलेली आहेत. अशा ज्योतीत गॅस वाया जातो आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, त्यामुळे ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आतल्या जेटच्या छिद्रात सुई घालण्याचा मोह दादांना होईल, पण ते छिद्र किंचितही मोठे झाले तर गॅसचे प्रमाण बिघडते. तिथे मेकॅनिकलाच बोलवावे. तो आला की नळीवर छापलेली मुदतही पाहून घ्यायला सांगा.

आईबाबांना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांगावा, मुलांना अनेक आशीर्वाद. बर्नर बसवून झाले की ज्योतीचा फोटो अवश्य पाठवा.

तुमची धाकटी नणंद