बर्फावर जाणाऱ्या पर्यटकांना आधी पूर्ण माहिती मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात परदेशी निघणाऱ्या अनेक सहलींच्या कार्यक्रमात आता स्कीइंगचा किंवा स्नोबोर्डिंगचा एक दिवस असतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाबरोबरच जॉर्जियातील गुदौरी, कझाकस्तानातील शिम्बुलाक अशी तुलनेने स्वस्त ठिकाणेही आपल्याकडील तरुणांना ठाऊक झाली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असल्यामुळे माझे आल्प्समध्ये वरचेवर जाणे होते आणि तेथे भेटणाऱ्या आपल्या पर्यटकांना या खेळाचे नियम व विम्याच्या अटी कोणीच सांगितलेल्या नसतात, हे पाहून काळजी वाटते. म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा गैरसमज विम्याबाबत आहे. युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा असल्यामुळे तो प्रत्येकाकडे असतो आणि त्यामुळे आपण पूर्ण सुरक्षित आहोत असे वाटते. परंतु अनेक पॉलिसींमध्ये हिवाळी किंवा साहसी खेळांतील दुखापती स्पष्टपणे वगळलेल्या असतात. काहींमध्ये जादा हप्ता भरून त्या समाविष्ट करता येतात, पण तेव्हाही आखलेल्या मार्गाबाहेर गेल्यास किंवा मद्यपान केलेले असल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. डोंगरावरून जखमीला हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च हजारो युरोंच्या घरात जातो आणि स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियात तो साधारणतः जखमीकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडूनच घेतला जातो. शिवाय आपल्या धडकेने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. इटलीने तर 2022 पासून स्की उतारांवर येणाऱ्या प्रत्येकाला अशा दायित्वाचा विमा बंधनकारक केला आहे. तेव्हा पॉलिसी घेतानाच 'यात स्कीइंग आणि डोंगरावरील बचावकार्य समाविष्ट आहे का' हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

दुसरा विषय उतारावरील वर्तनाचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आखून दिलेले दहा नियम आहेत आणि आल्प्समधील देशांत अपघाताचे खटले चालतात तेव्हा न्यायालये त्यांचा आधार घेतात. पुढे असलेल्या माणसाला मागून येणाऱ्याने सांभाळून जायचे, मार्गावर शिरताना किंवा थांबून पुन्हा निघताना वर-खाली नीट पाहायचे, अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचे नाही, पायी चालायचे तर कडेनेच चालायचे, आणि अपघात दिसला तर मदत करायची. आपले पर्यटक छायाचित्रासाठी उताराच्या मध्यभागी उभे राहतात, पुष्कळदा लहान मुलांना घेऊन. वरून वेगाने येणाऱ्याला चढापलीकडे उभे असलेले कुटुंब अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही, याची त्यांना कल्पना नसते.

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या तरुणांना आपली शारीरिक तयारी पुरेशी आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. दम आणि पायांतील ताकद उपयोगी पडतेच, पण बर्फावर वेग आवरणे, वळणे आणि पडणे ही स्वतंत्र कौशल्ये आहेत व ती प्रशिक्षकाकडूनच शिकावी लागतात. युरोपात निळा मार्ग सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड असतो. नवशिक्याने मित्रांच्या आग्रहाखातर लालवर जाऊ नये. साहित्य भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतात. बूट स्कीला धरून ठेवणारे बाइंडिंग किती जोर पडल्यावर सुटावे, हे त्यावरून ठरते. संकोचाने वजन कमी किंवा अनुभव जास्त सांगितला, तर पडताना स्की वेळेवर सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटते, आणि न सुटल्यास गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. स्नोबोर्डवर नवशिका हात टेकून पडतो, म्हणून मनगटाचे संरक्षक वापरावेत.

हेल्मेटशिवाय तर जाऊच नये. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च 2009 मध्ये कॅनडातील माँ त्रांब्लां येथे नवशिक्यांच्या सोप्या उतारावर पडल्या, तेव्हा त्यांनी हेल्मेट घातलेले नव्हते. सुरुवातीला काहीच झाले नाही असे वाटल्यामुळे त्यांनी वैद्यकीय मदतही नाकारली. दोन दिवसांनी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. डोक्याला मार लागल्यावर माणूस बोलतो-चालतो आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. मात्र हेल्मेट घातले म्हणजे कोठेही जाता येते असेही नाही. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचे विजेते मायकेल शूमाकर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे हेल्मेट घालूनच स्कीइंग करत होते, पण आखलेल्या मार्गाच्या काही मीटर बाहेर, बर्फात दडलेल्या खडकांच्या भागात. तेथे पडून खडकावर डोके आदळल्याने त्यांना गंभीर इजा झाली.

मार्गाबाहेरचा ताजा, मऊ बर्फ चित्रफितींमध्ये मोहक दिसतो. तेथे खडकांबरोबर हिमस्खलनाचाही धोका असतो. युरोपात या धोक्याची पाच पातळ्यांची सूचना रोज प्रसिद्ध होते आणि त्यातील तिसरी पातळी मधली असल्यामुळे सौम्य समजली जाते, ही घातक चूक आहे, कारण अनेक मृत्यू त्याच पातळीच्या दिवशी होतात. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे त्याला वाचवू शकतात ते प्रामुख्याने सोबतचेच लोक, तेही त्यांच्याकडे संदेशयंत्र (गाडल्या गेलेल्याची जागा संकेतावरून शोधणारे उपकरण), शोधकाठी व फावडे असेल आणि ते वापरण्याचा सराव असेल तरच. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांनी आखलेल्या मार्गाची हद्द दाखवणारी दोरी ओलांडू नये.

उतारावर वर नेणारी लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर रेंगाळणेही तितकेच धोक्याचे आहे. संध्याकाळी बर्फ सारखा करणारी यंत्रे तीव्र चढावर पोलादी दोराच्या आधाराने काम करतात. तो ताणलेला दोर शेकडो मीटर लांब असू शकतो आणि अंधारात दिसत नाही.

राज्यातील सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की, ज्या सहलीत बर्फावरील खेळ आहेत, तिच्या नोंदणीच्या वेळीच हे नियम, विम्यात वगळलेल्या बाबी आणि संकटकाळचे क्रमांक (युरोपीय संघात 112, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी 1414) मराठीत छापून द्यावेत आणि हेल्मेट व प्रशिक्षकाचे शुल्क 'ऐच्छिक' न ठेवता सहलीच्या मूळ किमतीतच धरावे.

आपला,
एक वाचक, ठाणे