आधी टेप, मग खरेदी

संपादक महोदय,

फ्रिज घ्यायची घाई झाली की लोक लिटर बघतात, दाराची चौकट बघत नाहीत. मग जिन्याच्या वळणावर फ्रिज अडतो आणि परत पाठवायचा भुर्दंड बसतो. चौकट मोजताना उघड्या दाराच्या फळीची जाडी रुंदीतून वजा करा. फ्रिज मोजताना हँडलही मापात धरा. बाजूच्या भिंतीला खेटून ठेवलेल्या फ्रिजचं दार पुरतं उघडत नाही, भाजीचा खण अर्धवटच बाहेर येतो. मागे साधारण 5 सेंटिमीटर जागा सोडा. गरम हवा कोंडली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीजबिल चढतं. ‘आज शेवटचा दिवस’ असं दुकानदार कितीही म्हणो, मापं कागदावर लिहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका, ही कळकळीची विनंती.

— घरगुती उपकरणांचे दुरुस्ती कारागीर